धर्माचा अभ्यास, वारीतली सेवा आणि पैशांचा प्रश्न

फलटण तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: “मॅडम, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, तत्त्वज्ञान मुख्य विषय. माउलींची पालखी आमच्याकडून जाते. दिंडीबरोबर चालून बायकांच्या वाट्याला येणाऱ्या कामाचा अभ्यास करायचा आहे, आणि वाटेवर त्यांच्या तब्येतीसाठी काही करताही आलं तर हवं आहे. धर्माच्या अभ्यासासाठी पदवीच्या मुलांना पैसे कोण देतं? देवस्थानकडे मागू का?”

आधी थेट उत्तर देते. सेवेसाठी देवस्थानाकडे, दिंडीकडे, गावाकडे जरूर माग. अभ्यासासाठी मात्र त्यांच्याकडून एक रुपयाही घेऊ नकोस. तो पैसा कॉलेजकडून, विद्यापीठाकडून, नाहीतर वारीशी काही देणंघेणं नसलेल्या शिक्षणसंस्थेकडून यायला हवा. तत्त्वज्ञान शिकवता शिकवता मी राष्ट्रीय सेवा योजनेचं काम पाहिलं, विद्यार्थ्यांच्या संशोधन प्रस्तावांची छाननी करणाऱ्या समितीवरही बसले. तिथे सर्वांत जास्त घोळ होताना पाहिला तो या दोन पैशांची सरमिसळ झाल्यामुळे.

असं का म्हणते ते सांगते. डेक्कन कॉलेजात समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र शिकवणाऱ्या इरावती कर्वे स्वतः वारीला चालल्या होत्या. एकाच दिंडीतली ब्राह्मण आणि मराठा मंडळी भजन एकत्र म्हणतात, पण जेवण वेगवेगळं, हे त्यांनी पाहिलं, त्यांना ते लागलं आणि त्यांनी ते लिहिलं. वारीवरचा त्यांचा जीव त्या लेखनात ठायी ठायी दिसतो, तरीही ही गोष्ट त्यांनी गाळली नाही. आता तुझा विषय बघ. पहाटे अंधारात उठून पाणी कोण भरतं, भाकऱ्या किती जणी थापतात, आंघोळीला आडोसा असतो का, पाळी आली तर बाई विण्याजवळ उभी राहते की मागे जाते, दिंडीच्या बैठकीत तिला बोलायला मिळतं का. यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं दिंडीच्या चालकांना आवडणारी नसतील. त्यांच्या पैशाने चाललीस तर लिहिताना हात अडखळेल. समजा नाही अडखळला, तरी वाचणारा पहिला प्रश्न विचारील, “खर्च कोणी केला होता?” तुझ्या कामात दिंडीचं कौतुक असेल, तेही मग कोणी खरं मानणार नाही.

आता पैसे कुठे आहेत ते पाहू. महाराष्ट्रातल्या बहुतेक कॉलेजांत धर्म-अध्ययन या नावाचा पदवी विभागच नाही. मुंबईत सोमय्या विद्याविहारात त्याची वेगळी संस्था आहे, पण असे अपवाद थोडे. धर्माचा अभ्यास करू पाहणारी मुलं तत्त्वज्ञानात, पालीत, संस्कृतात, इतिहासात, मराठीत विखुरलेली असतात. त्यामुळे “धर्माच्या विद्यार्थ्यांसाठी अनुदान” अशी जाहिरात शोधत राहिलीस तर वर्ष निघून जाईल. पैसा मिळतो तो वेगळ्या नावांखाली: विद्यार्थी संशोधन, क्षेत्रकार्य, समाजसंपर्क, स्वच्छता, महिला आरोग्य.

काही दारं मात्र सोडूनच दे. जेआरएफ, आयसीएसएसआर, बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्या (फेलोशिप) पीएच.डी.च्या पातळीवरच्या आहेत. मुलं त्यांची संकेतस्थळं चाळण्यात आठवडे घालवतात. तुझ्यासाठी त्यात आज काही नाही. महाडीबीटीवरच्या, म्हणजे राज्य सरकारच्या संकेतस्थळावरच्या शिष्यवृत्त्या हा निराळा विषय. तुला लागू असेल ती भरलेलीच असेल, नसेल तर आधी ती भर, कारण तिच्यामुळे घरावरचा भार कमी होतो. पण ती शिक्षणासाठी आहे, प्रकल्पासाठी नाही.

तुझ्यासाठी खरं दार कॉलेजचंच आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी पदवीला फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंट यांना श्रेयांक (क्रेडिट) ठेवले आहेत. तुझा अभ्यास आणि तुझी सेवा या दोन्हींना इथे अधिकृत जागा आहे, आणि तीही वेगवेगळ्या रकान्यांत, हे मला फार चांगलं वाटतं. श्रेयांक म्हणजे पैसे नव्हेत हे खरं. पण श्रेयांकाच्या कामाला कॉलेजला मार्गदर्शक नेमावा लागतो, पत्र द्यावं लागतं, आणि मग प्राचार्यांसमोर “थोडा खर्चही मंजूर करा” असं म्हणायला आधार मिळतो. चौथ्या वर्षी ऑनर्स विथ रिसर्च, म्हणजे संशोधनासह ऑनर्स पदवी, घ्यायचा विचार असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, आणि त्या वर्षी १२ श्रेयांकांचं संशोधन असतं. आज वारीत जमवलेलं टिपण तेव्हा कामी येईल, म्हणून वह्या जपून ठेव.

कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात संशोधन आणि विस्तारकार्य यांना गुण असतात. त्यामुळे बऱ्याच कॉलेजांत विद्यार्थ्यांच्या छोट्या प्रकल्पांसाठी काही रक्कम बाजूला ठेवलेली असते, आणि ती मागायला फारसं कोणी येत नाही. मानव्यविद्येची मुलं तर जवळजवळ येतच नाहीत. त्यांना वाटतं, संशोधन म्हणजे प्रयोगशाळा. आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजातल्या गुणवत्ता कक्षाच्या समन्वयकांना भेट आणि विचार: विद्यार्थी संशोधनासाठी यंदा तरतूद आहे का, अर्ज कोणत्या नमुन्यात द्यायचा, मंजुरी कोण देतं. हे तिन्ही प्रश्न लेखी विचार. तोंडी विचारलेल्या प्रश्नाला “बघू” हेच उत्तर मिळतं.

तिथे तुला एक आडकाठी भेटेल. कोणीतरी म्हणेल, “सरकारी अनुदानातून धर्माचं काम कसं करायचं?” त्याला घाबरू नकोस, पण उत्तर तयार ठेव. राज्यघटनेचा अनुच्छेद २८ सांगतो की पूर्णपणे राज्याच्या निधीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही. म्हणजे उपासना शिकवणं, एखाद्या पंथाची शिकवण विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबवणं. धर्मांविषयीचा अभ्यास त्यात येत नाही. शिक्षणाविषयीच्या कोठारी आयोगाने (१९६४-६६) हा फरक स्पष्ट मांडला होता, आणि २००२ साली अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही धर्मांचा अभ्यास घटनेला मान्य ठरवला. प्रस्तावाच्या पहिल्याच परिच्छेदात लिही: “हा प्रकल्प वारकरी परंपरेतील श्रमविभागणीचा सामाजिक अभ्यास आहे, यात कोणत्याही पंथाचा प्रचार नाही.” एवढ्या एका वाक्याने समितीतला निम्मा संकोच जातो.

“कमवा आणि शिका” ही योजना विसरू नकोस. तू सातारा जिल्ह्यातली आहेस. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते याच तत्त्वावर. आज या योजनेतली मुलं ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत तास भरतात. तुझ्या विभागप्रमुखांना विचार, मुलाखती ऐकून कागदावर उतरवण्याचं काम या तासांत धरता येईल का. हे काम किती वेळखाऊ असतं याची नव्या मुलांना कल्पना नसते. एका तासाचं ध्वनिमुद्रण, त्यात टाळ-मृदंगाचा आवाज, माणदेशी किंवा मराठवाडी बोली, वाऱ्याचा घोंघाट, हे सगळं नीट उतरवायला चार-पाच तास सहज जातात. अभ्यासाचा खरा खर्च चालण्यात नसतो, तो या तासांत असतो, आणि अंदाजपत्रकात नेमका तोच कोणी धरत नाही.

आविष्कार संशोधन स्पर्धेबद्दलही विचारशील, म्हणून सांगते. २००६ पासून ती राज्यातल्या विद्यापीठांत होते, आणि सहा गटांपैकी एक मानव्यविद्या, भाषा आणि ललित कलांचा आहे. पदवीच्या मुलांची तिथे स्वतंत्र पातळी असते. ती स्पर्धा आहे, अनुदान नव्हे, पण वारी आषाढात आणि स्पर्धेच्या फेऱ्या त्यानंतर काही महिन्यांनी, हा मेळ तुझ्या फायद्याचा आहे. कॉलेजला आधीच सांगून ठेव की हे काम आविष्कारला जाणार. मग खर्चाला मान्यता मिळणं सोपं जातं.

आता सेवेकडे वळू. “देवस्थानकडे मागू का” असं तू लिहिलंस, पण वारीच्या वाटेवर देवस्थान एक नाही. पंढरपूरची मंदिर समिती १९७३ च्या कायद्याखाली चालते. आळंदीचं संस्थान निराळं, आणि पालखी सोहळ्याचा कारभार तिथून चालतो. तू जिच्यात चालणार ती दिंडी आणखी निराळी. तिचा स्वतःचा न्यास असेल किंवा नसेलही. आणि तुमच्या गावातलं विठ्ठल मंदिर किंवा तरुण मंडळ, ज्यांच्या अंगणात मुक्कामाला वारकरी उतरतात, ते चौथं. सेवेसाठी मी नेहमी या चौथ्यापासून सुरुवात करायला सांगते. तिथे तुला ओळखतात, आणि त्यांना वारकऱ्यांसाठी काही करायचंच असतं. नेमकं काय करायचं, हे कोणी सांगितलेलं नसतं एवढंच.

मोठ्या न्यासाकडे जायचं असेल तर आधी त्याची नोंदणी बघ. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ९ मध्ये धर्मादाय हेतू म्हणजे काय ते दिलं आहे: दारिद्र्य किंवा संकट निवारण, शिक्षण, वैद्यकीय मदत आणि सर्वसाधारण लोकोपयोगी कामं. जे केवळ धार्मिक शिकवण किंवा पूजेशी निगडित आहे ते त्यातून वगळलं आहे. न्यासाच्या घटनेतले उद्देश वाच. त्यात “वैद्यकीय मदत” किंवा “यात्रेकरूंची सोय” असे शब्द असतील तर तुझ्या अर्जात तेच शब्द वापर, म्हणजे विश्वस्तांना ठराव करताना अडचण येणार नाही. उद्देशात फक्त पूजा-अर्चा आणि उत्सव असतील तर ते इच्छा असूनही देऊ शकणार नाहीत. त्यांच्यावर रागावू नकोस. उलट बाजूही आहे. करसवलतीचं ८०जी प्रमाणपत्र असलेल्या संस्थांना धार्मिक कामावर मर्यादितच खर्च करता येतो, म्हणून अर्जाच्या शीर्षकात “वारी” दिसलं की त्यांचा हिशेबनीस बिचकतो. तिथे शीर्षक “पायी प्रवास करणाऱ्या महिलांचं आरोग्य” असं दे. ते खरंच आहे, त्यात लपवाछपवी काही नाही.

सेवेसाठी रोख मागू नकोस, वस्तू माग. ओआरएसची पाकिटं, सॅनिटरी पॅड, जुन्या वर्तमानपत्राच्या पिशव्या, पायाच्या फोडांसाठी गॉज आणि चिकटपट्टी, आडोशासाठी ताडपत्री आणि बांबू. औषधाच्या दुकानदारांची संघटना, रोटरी, महिला बचत गट, दूध संघ, यांना वस्तू देणं सोपं जातं. हिशेबही सोपा राहतो. गोळ्या-औषधं मात्र डॉक्टरांशिवाय वाटायची नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन पालखीच्या दिवसांत त्यांचं पथक कुठे बसणार ते विचारून घे आणि आपला ठिय्या त्यांच्या शेजारी मांड. राष्ट्रीय सेवा योजनेच्या युनिटला यात ओढ. स्वयंसेवकाला दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात, एका युनिटमध्ये साधारण शंभर मुलं असतात, आणि कार्यक्रम अधिकारी चांगल्या कामाच्या शोधातच असतात. त्या युनिटच्या नावाने आलेलं पत्र एकट्या मुलीच्या पत्रापेक्षा जड पडतं.

तू लिहिलेला विषय फार मोठा आहे, तो लहान कर. “वारकरी संप्रदायातील स्त्रियांचं स्थान” असं शीर्षक घेऊन आलेला प्रस्ताव समिती बाजूला ठेवते. विषय वाईट म्हणून नव्हे, तो पदवीच्या मुलीकडून पुरा होणार नाही म्हणून. त्याऐवजी असं लिही: “फलटण ते वाखरी या टप्प्यात एका दिंडीतील स्त्रियांच्या दैनंदिन कामाची नोंद.” बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव असे मुक्काम, आठवडाभराचं चालणं. आळंदीपासून चालायची गरज नाही. फलटणपासून चाललीस तर खर्च निम्म्याहून कमी होतो आणि एकाच राहुटीतल्या बायकांशी रोज बोलणं होतं.

अंदाजपत्रक समिती सर्वांत आधी वाचते. मीही तेच करायची, शेवटचं पान उलटून. कारण मुलाने काम किती विचार करून आखलं आहे ते तिथेच कळतं. “प्रवास व इतर: १५,०००” असं लिहिलेलं असेल तर पुढे वाचायची इच्छा राहत नाही. तुझ्या पानावर काय असेल ते बघ. दिंडीची भिशी, म्हणजे जेवण आणि राहुटीसाठी प्रत्येक वारकरी भरतो ती रक्कम. ती दिंडीगणिक वेगळी असते आणि पूर्ण वारीची सांगतात, म्हणून एका टप्प्यापुरती किती ते लेखी विचारून घे. पंढरपूरहून परतीचं एसटीचं तिकीट, मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं. पावसाचा कोट, पॉवर बँक, मेमरी कार्ड. संमतीपत्रांच्या झेरॉक्स. मुलाखती उतरवण्याचे तास. अहवालाचं टंकलेखन आणि बांधणी, तीन प्रती. हे सगळं आठ-दहा हजारांत बसतं, आणि एवढी रक्कम बरीच कॉलेजं देऊ शकतात. पन्नास हजार मागितलेस तर फाईल वर जाईल आणि वरच राहील.

भिशीबद्दल एक गोष्ट नीट लक्षात घे. दिंडीचालक बहुधा म्हणतील, “पोरी, तू आमच्या लेकीसारखी, तुला कसली भिशी?” प्रेमानेच म्हणतील. तरी भर, आणि पावती घे. २०२४ च्या राज्य अर्थसंकल्पात मुख्य पालख्यांमधल्या प्रत्येक दिंडीला २० हजार रुपये जाहीर झाले, तेव्हापासून वह्या आणि पावत्या हा विषय दिंड्यांना परका राहिलेला नाही. तुला परातीपुढे बसवतील, भाकऱ्या थापायला लावतील. ते जरूर कर. ती सेवा आहे, शिवाय हात पिठात असताना बायका जे बोलतात ते वही उघडून समोर बसल्यावर बोलत नाहीत. पण तिथे ऐकलेलं कोणाच्या नावानिशी लिहायचं असेल तर दुसऱ्या दिवशी तिला विचार. ती नाही म्हणाली तर ते लिहायचं नाही.

परदेशातून शिकणाऱ्या मराठी मुलांचेही असेच प्रश्न येतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. अमेरिकेत बऱ्याच कॉलेजांत धर्म-अध्ययन हा पदवीचा स्वतंत्र विभाग असतो, आणि काही ठिकाणी उन्हाळी संशोधनासाठी देणगीदारांनी ठेवलेला निधीही असतो. सेवेच्या बाजूने अमेरिकेतल्या दानशूर कॅथरिन डेव्हिस यांनी २००७ मध्ये सुरू केलेला “प्रोजेक्ट्स फॉर पीस” आहे. सहभागी कॉलेजांतल्या मुलांना एका प्रकल्पासाठी १०,००० डॉलर मिळतात. पैसा भरपूर, पण दोन अडचणी आधीच सोडवाव्या लागतात. माणसांच्या मुलाखती घ्यायच्या तर तिथल्या विद्यापीठाच्या नैतिकता मंडळाची मंजुरी भारताकडे निघण्यापूर्वीच हातात असावी लागते. आणि भारतात येताना ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) पुरेसं आहे असं घरचे म्हणतात, ते संशोधनाला लागू नाही. मार्च २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे संशोधनासाठी ओसीआय धारकाला वेगळी परवानगी घ्यावी लागते. मिळालेले डॉलर पंढरपूरच्या एखाद्या संस्थेला देऊन टाकायचा विचार असेल तर त्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आहे का ते पाहावं. नसेल तर ती संस्था ते स्वीकारू शकत नाही.

पुन्हा तुझ्याकडे. दोन वह्या कर, अभ्यासाची एक आणि सेवेची एक. गावाने दिलेल्या ताडपत्रीची नोंद अभ्यासाच्या वहीत येता कामा नये, आणि कॉलेजच्या पैशातून पॅड विकत घ्यायचे नाहीत, कितीही गरज दिसली तरी. वाटेवर पक्की बिलं मिळत नाहीत, म्हणून कॉलेजच्या कार्यालयातून कोरी व्हाउचरं घेऊन जा. त्यावर पैसे घेणाऱ्याचं नाव, रक्कम, तारीख आणि सही. पाच हजारांच्या वरच्या पावतीवर महसूल तिकीट लागतं. अहवालाची एक प्रत कॉलेजला, एक विभागाच्या ग्रंथालयाला आणि एक दिंडीला दे. दिंडीला देण्याआधी ज्या बायकांविषयी लिहिलं आहे त्यांच्यापैकी दोघींना तरी वाचून दाखव.

राहिलं वेळापत्रक, आणि अर्ज फसतात ते बहुधा इथेच. कॉलेजचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. फेब्रुवारीत मंजूर झालेली रक्कम त्याआधी खर्च करावी लागते, आणि तुझा खर्च तर जून-जुलैत. अधिक महिना मध्ये आला तर वारी आणखी पुढे सरकते. म्हणून जानेवारीत मार्गदर्शक ठरव, फेब्रुवारीत प्रस्ताव दाखवून त्यांच्याकडून सुधारून घे, आणि अर्ज एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, नव्या वर्षाच्या तरतुदीवर दे. अर्जातच लिही की मंजूर रकमेपैकी निम्मी अग्रिम, म्हणजे आगाऊ, हवी आहे. नाहीतर “आधी खर्च करा, मग बिलं द्या” असं होतं आणि भिशीचे पैसे वडिलांना उसने काढावे लागतात. मे महिन्यात कार्यालय अर्धं रिकामं असतं, तेव्हा अग्रिमाच्या धनादेशावर सही कोणाची लागते ते एप्रिलमध्येच विचारून ठेव.